आखाड्याचं कवाड

हिंगोली, ५ जानेवारी १९७५

बंडू, जयभीम.

आधीची पत्रं तू न फोडताच परत पाठवलीस. म्हणून हे पारुबाईच्या हाती देते आहे. मेसमधल्या भाकरीच्या दुरडीत, फडक्याखाली ठेव, असं तिला सांगितलं आहे. राग तुझा माझ्यावर आहे, भाकरीवर नाही.

पारुबाईला हसू आवरत नाही. "बाई, हाक मारली तर होस्टेलात आयकू जातं. मंग कागद काहून नासून राहिल्या?" तिला काय सांगू? माझा आवाज आला की सख्खा भाऊ मागच्या दारानं निघून जातो, हे?

माफी मागायला मी लिहीत नाही. ते आधीच सांगते, म्हणजे त्या आशेनं तू वाचणार नाहीस.

दिवाळीत तू मला सांगितलंस ते मी इथे पुन्हा लिहून काढते, कारण तू ते विसरायच्या मागे लागला आहेस. गेल्या वर्षी कॉलेजच्या संमेलनात नाटक झालं. मग श्रमपरिहार. कलाकारांचा शीण घालवायचा म्हणून जेवण, त्याला इतकं सोवळं नाव! जागा कोणती, तर कनेरगाव रस्त्यावरचा, तुमच्यातल्या मार्तंडच्या बापाचा आखाडा. शेतातली एक खोली, पुढे ओटा, आणि बैल बांधायला लिंबाचं झाड. नाटकात काम केलेल्या मुली जेवून लवकर निघाल्या. चांगुणाला मार्तंडनं थांबवून घेतलं, "तुला जीपनं सोडतो" म्हणून. तिला सरबत दिलं. सरबतात काय होतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तू शिंदीची दुसरी घागर आणायला गेला होतास. परत आलास तेव्हा आखाड्याचं कवाड आतून लावलेलं होतं आणि आतून तिचा आवाज येत होता. तू घागर ओट्यावर ठेवलीस.

"अक्का, मी शेकोटीपाशी बसलो अन्..." एवढं तू म्हणालास आणि मी उठून उभी राहिले. मला त्यापुढचं ऐकवेना. मी बोलत सुटले. तू माझ्या खोलीच्या कोपऱ्यात बसून होतास आणि मी सभेत बोलावं तशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजची प्राध्यापिका म्हणून प्राचार्यांकडे गेले. तुला विचारलं नाही, हे खरं. चौकशी म्हणजे चहा आणि पुढची तारीख. निष्पन्न एवढंच झालं, की हे बाहेर कोणी काढलं ते सगळ्या कॉलेजला कळलं. तुझ्या बाकावर त्यांनी हिरव्या बांगड्या मांडून ठेवल्या. आणि तू काय केलंस? माझी खोली सोडून त्यांच्याच होस्टेलवर राहायला गेलास. आता घागर पुन्हा तूच आणतोस म्हणे.

मार्तंड सगळ्यांना सांगतो, "दारूनं झालं, आमच्या हातून नाही." बंडू, कडी लावायला शुद्ध लागते. कवाड ओढून घेणं, खाचेत कडी बसवणं, बाहेर कोण आहे याचा अंदाज घेणं, हे झिंगलेल्या माणसाचं काम नाही. ज्यानं कडी लावली तो पुरता शुद्धीवर होता. आणि जे बाहेर बसले त्यांनाही ऐकू येत होतं.

चांगुणाचं लग्न घाईनं उरकलं. गावात म्हणतात, पोरगी बिघडली. कोणी बिघडवली असं एकानंही विचारलेलं नाही.

महिन्याअखेर पुन्हा संमेलन. पुन्हा नाटक, पुन्हा तोच आखाडा. तू काय करणार आहेस?

तुझी
अक्का


हिंगोली, १३ जानेवारी १९७५

बंडू,

पत्र परत आलं नाही. पारुबाई म्हणते, "वाचलं का ते म्या न्हाई पाह्यलं. पण दोन भाकरी जास्त खाल्ल्या." मला एवढंही पुरे आहे.

आज मी जिंकून आले आहे, तेव्हा ऐक. या वर्षी नाटकात एकही मुलगी नाही! प्राचार्यांच्या टेबलापुढे मी बसून राहिले, लेखी सूचना निघेपर्यंत उठले नाही. सूचना फलकावर लागली आहे. मुली श्रमपरिहाराला जाणार नाहीत, तालमीला थांबणार नाहीत. ज्याला नाटक करायचं त्यानं मुलींशिवाय करावं.

शनिवारी सभागृहात मी बोललेही. तू मागच्या खांबाआड उभा होतास, मी पाहिलं. मी काय काय बोलले ते तुला सांगायला नको. रशियातल्या, फ्रान्समधल्या बायांपासून आपल्या कुरुंद्याच्या हळदीच्या शेतात राबणाऱ्या बायांपर्यंत सगळं काढलं. टाळ्या किती पडल्या! सगळ्यात जास्त टाळ्या पुढच्या रांगेतून, आणि पुढच्या रांगेत मार्तंड. संमेलनाचा सचिव म्हणून आभारही त्यानंच मानले. "पद्मजाबाईंच्या ओजस्वी वाणीनं आमचे डोळे उघडले." डोळे उघडले म्हणताना त्यानं ते खरोखर मोठे करून दाखवले आणि पोरं हसली. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण टाळ्या कानात होत्या.

आणखी एक खटकलं. पंचफुला आठवते? बी.ए. पहिल्या वर्षाची, कळमनुरीकडची, आवाज चांगला. तिला नायिकेचं काम मिळालं होतं. सूचना वाचून ती माझ्याकडे आली. "बाई, गुन्हा पोरांचा, अन् घरी आमी बसायचं?" मी तिला समजावलं की हे तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. ती म्हणाली, "आमच्या घरचे बी हेच म्हणतात." आणि निघून गेली. पोर वयात आली की फटकळ होते, असं मी स्वतःला सांगितलं आहे. पण वाक्य डोक्यातून जात नाही.

असो. या वर्षी कोणत्याही मुलीवर तो प्रसंग येणार नाही. तू आता घागर आण नाहीतर पिंप आण.

अक्का


हिंगोली, २५ जानेवारी १९७५

बंडू,

मी चुकले आहे. कुठे, ते सांगते.

नाटकाला बाई लागतेच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मुली नाहीत म्हटल्यावर मार्तंडनं अकोल्याहून नटी ठरवली. तुला हे आधीच माहीत असेल, तुम्ही सगळे मिळूनच तिला आणायला स्टेशनवर गेला होता म्हणे. मला काल कळलं. तालमीच्या खोलीबाहेर एक बाई टाचेपाशी निघालेली वहाण दगडानं ठोकत बसली होती. मला पाहून उठली.

"तुमीच का त्या भाषणवाल्या? पोरं तुमची नक्कल लय झकास करतात. तो उंच पोरगा तर पदर बी घेते."

नाव मनकर्णा. चाळिशीकडे झुकलेली, पण स्टेजवर विशीची दिसते असं स्वतःच सांगते. लग्न मोडलेलं, एक मुलगी शाळेत. नेहमी मावशी बरोबर येते, या खेपेस मावशीचे गुडघे धरलेत, म्हणून एकटी. गावात खोली मागितली तर नाटकवालीला कोणी दिली नाही. मग मार्तंडनं सोय केली. कुठे? आखाड्यावर.

मी तिला तिथल्या तिथे म्हटलं, माझ्याकडे राहा. ती लगेच हो म्हणाली. मग मी म्हटलं, श्रमपरिहाराला जाऊ नका.

"त्याले तर जावंच लागते, बाई. न्हाई गेली तर म्हणतात, लय भाव खाते. एकदा हे नाव पडलं की पुढच्या वर्साला दुसरी येते. अन् मग वाशिमले बी दुसरी, पुसदले बी दुसरी."

"आणि तिथे काही झालं तर?"

ती हसली. कडू वगैरे नाही, चांगली मोकळी हसली. "कॉलेजच्या पोरीचं काही झालं तर निदान लग्न तरी लावून देतात. नाटकवालीचं काय झालं म्हणून कोण इचारते?"

संध्याकाळी मी वर्गाकडे जाताना दोन पोरं जिन्यात बोलत होती. मला पाहून थांबली नाहीत, इतकी ती निर्धास्त होती. एक म्हणाला, "यंदा भ्यायचं काम न्हाई. ही का कॉलेजची पोरगी हाय?" मी त्याची कॉलर धरली. तो खरंच गोंधळला. त्याला वाटलं, मी माझ्या मुलींसाठी भांडत होते आणि त्या तर आता घरी सुरक्षित आहेत, मग बाईंना अजून काय पाहिजे?

मी त्याला हेच शिकवलं, बंडू. सूचना फलकावर लावून शिकवलं. आपल्या त्या वेगळ्या आणि बाहेरच्या त्या वेगळ्या. धोका तिथेच आहे, त्याच आखाड्यात, त्याच कवाडाआड. मी फक्त आतली बाई बदलली.

प्राचार्यांकडे पुन्हा गेले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. आता नटीसुद्धा नको म्हणता? मग पोरांनी भजन करावं का?" बंदी घातली तर ते गावाबाहेर, नाक्यापलीकडे कुठेतरी जाऊन पितील, आणि तिला तिथे नेतील. एवढं मला आता कळतं.

म्हणून तुला लिहिते. भाषण नाही. एक काम सांगते. त्या दिवशी तू पिऊ नकोस. शेवटपर्यंत शुद्धीत राहा आणि तिच्यावर नजर ठेव. एकानं जरी राखण केली तरी पुष्कळ होईल.

पद्मजा


हिंगोली, २८ जानेवारी १९७५

बंडू,

माझ्याच पत्राच्या पाठीवर तू लिहून पाठवलंस. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात हे होतं:

"आबांनी गावाची येसकरकी सोडली. कोणाच्या वेशीवर रात्रभर जागायचं न्हाई, कोणाची राखण करायची न्हाई, म्हणून काठी टाकली. अन् तू मला त्यांच्या पोरांच्या दारूवर येसकर म्हणून उभा करून राहिलीस. ते पिणार, मी जागणार. वा, अक्का!"

मी कागद टाकून दिला. पुन्हा उचलला. चूल पेटवली, ती तशीच जळत राहिली आणि भात करपला. मनकर्णाबाईंनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगला लागते, फक्त डोळे मिटून खा."

मी वादात सहसा हरत नाही. या वाक्यापुढे मी अर्धा दिवस हरलेली होते.

मला तो दिवस आठवतो. धम्मदीक्षा घेऊन आबा कुरुंद्याला आले, तू आईच्या कडेवर होतास. पाटलाच्या ओट्यापुढे त्यांनी येसकराची काठी ठेवली. फेकली नाही, ठेवली. पाटील म्हणाला, "सोनाजी, मंग वेशीवर कोण ऱ्हाईल?" आबा म्हणाले, "गाव तुमचं बी हाय ना? तुमी ऱ्हावा पाळीपाळीनं." सगळा ओटा हसला. पाटलानं वेशीवर जागायचं, याहून मोठा विनोद त्यांनी ऐकला नव्हता.

आबांच्या त्या उत्तरातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मला ते आज सापडलं. राखण करणं हे हलकं काम नव्हतंच. एकाच वस्तीनं जन्मभर जागायचं आणि बाकीच्यांनी जन्मभर झोपायचं, ती गुलामी होती. तू एकटा शुद्धीत राहिलास तर तुझं म्हणणं खरं, तू त्यांचा येसकर. मी तुला चुकीचं काम सांगितलं. मागे घेते.

तू पाळी लाव. नाटकातल्या, नेपथ्यातल्या, स्वयंपाकातल्या सगळ्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाक. पाटलाच्या पोराची, वकिलाच्या पोराची, तुझी, तुझ्या खोलीतल्या धर्मसिंगची. ज्यांच्या निघतील त्यांनी त्या दिवशी थेंब घ्यायचा नाही. जे पितील त्यांना सांभाळायचं, आणि जी बाई तिथे असेल ती जशी आली तशी जाईल हे बघायचं. कोणी तिच्या पेल्याला हात लावला तर तिथेच उठायचं, एकट्यानं नव्हे, सगळ्यांनी. आबांनी जे पाटलाला सांगितलं ते तू मार्तंडला सांग.

ते हसतील. हसू दे.

आणि तुला न विचारता मी प्राचार्यांकडे गेले, ती तुझी गोष्ट होती, माझी नव्हती. माफी मागणार नाही असं मी लिहिलं होतं. तेही मागे घेते.

तुझी अक्का


हिंगोली, ३१ जानेवारी १९७५

बंडू,

धर्मसिंग येऊन गेला. तुझा खोलीसोबती तुझ्यासारखा अबोल असेल असं वाटलं होतं. तो दारातूनच बोलत आला.

"बाई, काल बैठकीत बंड्यानं बाँब टाकला!"

तू उभा राहिलास म्हणे. श्रमपरिहार रात्री नाही, नाटकाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात. नाटकवाल्या बाई रात्री आखाड्यावर नाही, पद्मजाबाईंकडे. चार चिठ्ठ्या काढायच्या, त्या चौघांनी कोरडं राहायचं. धर्मसिंगनं नक्कल करून दाखवली. मार्तंड पाय हलवत म्हणाला, "अन् आमी न्हाई ऐकलं तर? बहिणीला सांगशील?" सगळे हसले. तू म्हणालास, "सांगत न्हाई. शिंदीवाला माझ्या वळखीचा हाय, मला सोडून कोणाला देत न्हाई. घागर माझ्या हातात हाय तर अट बी माझीच. न्हाई तर जा, चढा झाडावर."

बंडू, मी इतकी पुस्तकं वाचली, पण असा मुद्दा मला सुचला नसता.

चिठ्ठ्या तिथल्या तिथे काढल्या. धर्मसिंगची निघाली. स्वयंपाकाच्या दोघांपैकी एकाची. तुझी निघाली. आणि चौथी मार्तंडची. "मार्तंड येसकर!" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळी खोली त्याला येसकर, येसकर म्हणायला लागली. तोही हसला. धर्मसिंग म्हणतो, "हसला बाई, पण त्याचे कान लाल झाले."

मला आनंद व्हायला हवा. होत नाही. ज्याच्या कानापर्यंत रक्त चढलं त्याच्यावर विसंबून मी एका बाईला उद्या तिथे पाठवणार आहे का? मी मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. चांगुणाचं नाव न घेता गेल्या वर्षीचंही सांगितलं. त्या आज रात्रीच्या नाटकासाठी केस विंचरत होत्या. "दुपारी हाय ना? मंग जाते. उन्हात मी बी कोणाले भीत नाही." मग थोड्या वेळानं, "तो तुमचा भाऊ, तो राहीन ना तिथं?"

मी हो म्हणाले. तुझ्या वतीनं वचन द्यायचा मला अधिकार नव्हता. दिलं.

खोलीत फेऱ्या मारते आहे. खालच्या मालकीणबाईंनी वर येऊन विचारलं, काही दळते आहेस का.

अ.


हिंगोली, ३ फेब्रुवारी १९७५

बंडू,

सरकारी दवाखान्यात आले होते. तू झोपला होतास. कपाळावर टाके आहेत, डोळा वाचला आहे, असं कंपाउंडर म्हणाला. मी उशाशी बसले नाही. जाग आल्यावर पहिला चेहरा माझा दिसावा आणि तुला उठून जाता येऊ नये, हे बरं नव्हे.

झालं ते मला मनकर्णाबाईंनी गाडीची वाट पाहताना सांगितलं, आणि उरलेलं धर्मसिंगनं. तू सांगशील तेव्हा सांगशील. पण मला काय कळलं आहे ते तुला माहीत असावं.

दुपारी सगळे आखाड्यावर पोचले तर कवाडच नाही. चौकट उघडी, आतला कडबा आणि वखर बाहेरून दिसतोय. तू आणि धर्मसिंग सकाळीच गेला होता. जुन्या पद्धतीचं कवाड, बिजागऱ्या नाहीत, खालच्या खाचेत खुंटी फिरते. दोघांनी खांदा लावून उचललं की सुटतं. हे कुरुंद्याच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. तुम्ही ते चार दगडांवर लिंबाखाली आडवं मांडलं आणि त्यावर भाकरी, रस्सा, कांदे ठेवले. सगळे त्या कवाडाभोवती बसून जेवले.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "इतकी गावं फिरली, पण कवाडावर जेवण पहिल्यांदाच. तुमचा भाऊ म्हणे, बाई, ह्या कडेनं बसा, त्या कडेला कडी टोचते."

मार्तंडनं आधी आरडाओरडा केला. मग तोही जेवायला बसला. चिठ्ठी त्याची होती तरी तो चोरून प्यालाच. आणि मग मनकर्णाबाईंच्या ताकाच्या पेल्यात त्यानं पाठमोरं होऊन काहीतरी ओतलं. गेल्या वर्षी हे पाहणारे हसले असते. या वर्षी तो स्वयंपाकातला पोरगा, ज्याच्या तोंडून मी वर्गात कधी शब्द ऐकला नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला, "बंडू, पेला बघ." तू पेला उचलून मातीत ओतलास. मार्तंड म्हणाला, "नाटकवाली हाय ती, तुझी कोण लागती?" तू काय म्हणालास त्यावर दोघांचं एकमत नाही. धर्मसिंग म्हणतो, तू शिवी दिलीस. मनकर्णाबाई म्हणतात, तू काहीच बोलला नाहीस, फक्त मध्ये उभा राहिलास. मग त्यानं घागर तुझ्या कपाळावर फोडली.

आणि मग ते घडलं ज्यासाठी मी हा सगळा कागद नासला. बाकीची पोरं उठली. प्यालेलीसुद्धा. कोणी मार्तंडचे हात धरले, कोणी तुला जीपमध्ये घातलं. झोकांड्या खाणारा एक जण मनकर्णाबाईंना सारखा म्हणत होता, "मावशी, तुमी भिऊ नका, मावशी." त्या म्हणाल्या, "आयुष्यात मला कोणी मावशी म्हटलं की राग येते. आज नाही आला."

अकोल्याच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. खिडकीतून म्हणाल्या, "पुढच्या वर्साला बोलावलं तर येईन. पण नायिकेचं काम तुमच्या त्या पोरीले द्या, पंचफुलेले. मला तिच्या आईचं चालन." फलकावरची सूचना मी आज फाडली. प्राचार्यांनी विचारलं, आता काय नवीन? मी म्हटलं, मुली नाटकात काम करतील. राखण ज्यांनी करायची ते करतील.

मार्तंडचा बाप आज होस्टेलवर आला होता. पोराबद्दल एक शब्द नाही. कवाड कोण बसवून देणार, एवढंच विचारत होता.

अक्का


हिंगोली, १६ फेब्रुवारी १९७५

बंडू,

तू कुरुंद्याला आईकडे गेलास हे बरं केलंस. टाके तिच्यापासून लपवले नसतील अशी आशा आहे. तिला सांगून टाक. ती माझ्यासारखी बोलत सुटत नाही.

मी काल वारंगा फाट्यावर उतरले. तिथून आत चालत चांगुणाचं सासर. पुस्तकं द्यायला आलेली कॉलेजची बाई म्हणून गेले. तिच्या कडेवर लेकरू होतं. सासू ताक करायला आत गेली तेवढ्या वेळात मी तिला यंदाचं सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, कवाड, लिंबाखालचं जेवण, पेला, तुझं कपाळ. मला वाटत होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. खरं सांगायचं तर मी थोडी ऐटीतच सांगत होते.

तिनं मधे एकदाच विचारलं, "ती बाई गेली का बराबर घरी?"

"गेली. मीच गाडीत बसवून दिलं."

तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "निघत होतं ना ते कवाड? मंग तवा काहून न्हाई काढलं?"

बंडू, सभेत कोणी प्रश्न विचारला की तो संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. तिच्या ओसरीवर मी पिशवीतून पुस्तकं काढत राहिले. सासू ताक घेऊन आली. मी प्यायले, पुस्तकं ठेवली आणि फाट्यापर्यंत चालत आले.

तू तिच्याकडे जायचं नाहीस. तुझं मन हलकं करायला तिचं घर नाही, आणि तरुण पोरगा दारात दिसला तर भोगायचं तिलाच. पण प्रश्न तिनं माझ्याकडे दिला तो तुझाही आहे, म्हणून जसाच्या तसा पोचवते. पुढच्या वर्षी तू कॉलेजात नसशील. चिठ्ठ्या दुसरं कोणी काढेल. त्याला तिचं नाव सांगू नकोस, एवढंच सांगून जा की कवाड आधी काढायचं असतं. आतून आवाज आल्यावर नाही, भाकरी मांडायच्या आधी.

परत आलास की रविवारी जेवायला ये. भात मी करपवणार नाही. दिवाळीत तू सांगत होतास आणि मी मधेच उठले. कुठे तोडलं ते मला रोज आठवतं. "अक्का, मी शेकोटीपाशी बसलो अन्..." असं तू म्हणाला होतास.

तिथून पुढे सांग. मी बसून ऐकते.

अक्का